थडीवरचा वाळुंज

वारा आला की हे झाड रंग बदलतं. आत्ता हिरवंगार दिसत असतं, आणि ओढ्यातून झुळूक वर चढली की सगळंच्या सगळं पांढुरकं होतं. वारा पडला की पुन्हा हिरवं. जवळ जाऊन एक पान उलटं करून पाहिलं की कोडं सुटतं. वरची बाजू तुकतुकीत हिरवी, खालची पीठ फासल्यासारखी पांढरट.

माझं आजोळ आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, घोड नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठी. मामांच्या मळ्याच्या खालच्या अंगाला ओढा एकदम वळतो आणि वळणावर डोह झालाय. डोहावर हे झाड आडवं कललेलं असायचं. त्याच्या खोडावरून चालत जायचं, टोकाला पोचलं की नाक धरून पाण्यात उडी टाकायची, हा आमचा मे महिन्यातला दिवसभराचा उद्योग. आंबा, करवंद, जांभूळ, आळू यांची नावं आम्हा पोरांना झोपेतही आठवायची, कारण त्यांनी आम्हाला खाऊ घातलं होतं. ज्याच्या अंगावर आम्ही सगळी सुट्टी काढायचो त्याला मात्र आम्ही ‘ओढ्याचं झाड’ म्हणायचो. नाव विचारावं असं कुणालाही वाटलं नाही.

मग मधे तीस वर्षं गेली. काश्मीरला गेले होते. श्रीनगरहून अनंतनागकडे जाताना संगम आणि बिजबेहाराच्या आसपास रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बॅटींचे कारखाने लागतात. कारखाने म्हणजे शेडच. पुढे विलोच्या लाकडाच्या फळ्या एकमेकींवर आडव्याउभ्या रचून वाळत घातलेल्या. झेलमच्या कडेला, कालव्यांच्या बांधांवर, भाताच्या खाचरांमधून विलोच्या रांगा. सगळ्यांच्या अंगाखांद्यावर पाण्याचा ओलावा. मी एक पान तोडून वहीत ठेवलं. त्याची ठेवण ओळखीची वाटत होती, पण कुठली ओळख ते आठवेना.

आठवलं ते दिवाळीत, डोहाच्या काठी. पाऊस सरला होता, ओढा निवळला होता, आणि पाण्यावर लांबट पिवळी पानं तरंगत वळणाकडे निघाली होती. वहीतलं पान काढून मी पाण्यातल्या एका पानाशेजारी धरलं. काश्मीरचं पान अरुंद, इथलं थोडं रुंद आणि जवळजवळ वीतभर लांब, पण दोघांच्या कडेला तेच बारीक, एकसारखे दाते आणि पाठीला तोच पांढुरका रंग. सख्खं नसेल, चुलत तरी नक्की होतं.

“मामा, या झाडाला काय म्हणतात?”

“वाळुंज. अगं, तुला ठावं न्हाई? त्याच्यावरूनच तर उड्या मारायचीस.”

वाळुंज! हा शब्द मी जन्मभर ऐकत होते. शाळेत माझ्या बाकावर बसणाऱ्या मुलीचं आडनाव तेच होतं. छत्रपती संभाजीनगरला जाताना औद्योगिक वसाहतीच्या पाटीवर जवळजवळ तोच शब्द, वाळूज, वाचला होता. सासवडकडच्या एका गावाचंही तेच नाव. माणसं, गावं आणि कारखाने यांच्यातून हिंडून आलेला तो शब्द अखेर डोहाकाठी आपल्या मूळ धन्याजवळ पोचला. विलो नावाचं झाड परदेशातलं, फार तर हिमालयातलं, असं मी धरून चालले होते, आणि ते माझ्या आजोळच्या डोहावर कललेलं होतं.

विलोच्या कुळात चारशेच्या आसपास जाती आहेत, आणि बहुतेक सगळ्या उत्तरेच्या थंड मुलखातल्या. त्यातल्या फार थोड्यांनी उष्ण कटिबंधात घर केलं. आपला वाळुंज त्यांतला एक. विल्यम रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने अठराव्या शतकाच्या अखेरीस कोरोमंडल किनाऱ्याच्या वनस्पतींबरोबर त्याचं वर्णन केलं आणि त्याला सॅलिक्स टेट्रास्पर्मा, म्हणजे चार बियांचा विलो, असं नाव दिलं. त्याच्या फार आधी अमरकोशाने वेतसाची नावं नोंदवून ठेवली आहेत, त्यांत वानीर आहे, वंजुल आहे, आणि अभ्रपुष्प असंही एक नाव आहे. वेतस म्हणजे वेत की वाळुंज, यावर जाणकारांचं एकमत नाही. पण माघात मादीच्या झाडावरून उडणारा कापूस ज्याने पाहिलाय त्याला ‘ढगासारखं फूल’ कोणत्या झाडाचं हे फारसं सांगावं लागणार नाही. माझं मत वाळुंजाच्या बाजूने आहे.

ओळख पटवायची तर घाई करून चालत नाही. आपल्या ओढ्यांवर लांब पानांची झाडं पुष्कळ. पाणजांभळाची पानं वाळुंजासारखीच निमुळती असतात, इतकी की त्याच्या शास्त्रीय नावातच ‘विलोसारख्या पानांचं’ असं म्हटलंय. पण पाणजांभळाची पानं समोरासमोर जोडीने येतात, त्यांची कड सपाट असते, आणि चुरगाळली की जांभळाचा वास येतो. वाळुंजाची पानं एकाआड एक येतात आणि कडेवरून बोट फिरवलं की दाते लागतात. दुसरी फसवणूक शेरणीची. तिचीही पानं लांब, तिचीही पाठ फिकी. पण शेरणी हे झुडूप आहे. ती काठावर न राहता थेट पात्रात, खडकांच्या फटीत, धारेच्या मधोमध पाय रोवून बसते. वाळुंजाला खडकापेक्षा गाळ प्रिय. काठाची मळई जिथे साठते तिथे तो उभा राहतो आणि चांगला उंच होतो.

साल पाहावी. जुन्या वाळुंजाची साल खडबडीत, उभ्या खोल भेगांची असते. कोवळी फांदी हातात घेतली तर तिच्यावर रेशमासारखी लव लागते. आणि सगळ्यांत खात्रीची खूण फार लहान आहे, तिच्यासाठी डोळे बारीक करावे लागतात. बहुतेक झाडांच्या पानकळीवर खवल्यांचे एकावर एक थर असतात. विलोच्या कळीवर एकच खवला, टोपडं घातल्यासारखा. आतलं पान वाढू लागलं की टोपडं अख्खं निघून येतं. हे मला कळलं तेव्हा मी मामांच्या नातवाला बोलावून दाखवलं. त्याने शांतपणे अकरा टोपडी काढून तळहातावर मांडली.

वाळुंजाचं वर्ष आपल्या इतर झाडांपेक्षा वेगळ्या तालावर चालतं. रानातली बहुतेक पानगळीची झाडं पाणी संपत आलं की पानं टाकतात. वाळुंज पाऊस संपता संपता, पायाशी भरपूर पाणी खळाळत असताना, पानं टाकतो. थंडीत नवी पालवी फुटते आणि तिच्याबरोबर तुरे येतात. पाकळ्या नाहीत, रंगाचा डौल नाही. बोटभर लांबीचे लोंबते तुरे असतात, नराचे पिवळसर आणि मंद गोड वासाचे, मादीचे हिरवट. नर आणि मादी ही वेगवेगळी झाडं. प्रत्येक इवल्या फुलाच्या बुडाशी मधाचा थेंब असतो, म्हणून पौषातल्या सकाळी ऊन चढलं की नराचं झाड मधमाश्यांनी गुणगुणू लागतं.

मादीच्या तुऱ्यांतली बोंडं पिकून फुटतात आणि कापूस लागलेल्या बारीक बिया बाहेर पडतात. या बियांत पुढच्यासाठी साठवलेलं अन्न जवळपास नसतंच. ओली जागा मिळाली तर त्या लगेच रुजतात, नाहीतर काही दिवसांतच निकामी होतात. मग या झाडाने पावसाळ्याच्या तोंडावर बी टाकण्यात काय अर्थ होता? सगळं वाहून गेलं असतं. थंडी सरताना ओढा हळूहळू आटत असतो आणि पाणी मागे हटत जाईल तसतशी ओल्या गाळाची नवी नवी पट्टी उघडी पडत असते. तिथे गवत नाही, सावली नाही, स्पर्धा नाही. कापूस नेमका त्या पट्टीवर उतरतो. पाण्याच्या मागोमाग मुळं खाली उतरवत रोपाने पावसाळ्यापर्यंत तग धरायचा. झाडाने ओढ्याचं पंचांग इतकं नीट वाचलेलं पाहून मला गहिवरून येतं.

त्याच्या नातेवाइकांची एक गोष्ट मला फार आवडते. नारिंगी रंगाचं, काळ्या ठिपक्यांचं एक चपळ फुलपाखरू आपल्याकडे सगळीकडे दिसतं, इंग्रजीत त्याला कॉमन लेपर्ड म्हणतात. त्याची मादी वाळुंजाच्या कोवळ्या पानांवर अंडी घालते. तीच मादी डोंगरउतारावरच्या काटेरी तांबटावरही अंडी घालते. पाण्यात पाय सोडून बसणारा वाळुंज आणि कोरड्या उतारावरचा तांबट यांचा काय संबंध? जुन्या पुस्तकांत ही दोन झाडं दोन निराळ्या कुळांत होती. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत डीएनए तपासून कुळांची फेरमांडणी झाली तेव्हा तांबट विलोच्याच कुळात आला. फुलपाखराला हे नातं कधीपासून ठाऊक होतं. त्याच्या अळ्यांना पानाच्या चवीवरून ते कळत होतं.

चवीवरून आठवलं. वाळुंजाची साल कडू असते. आजी तापकऱ्याला तिचा काढा द्यायची असं मामी सांगते. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरच्या एडवर्ड स्टोन नावाच्या पाद्र्याने विलोची साल सहज चघळून पाहिली, ती त्याला सिंकोनाच्या सालीसारखी कडू लागली. ओलसर जागी थंडीतापाचा आजार होतो, मग औषधही ओलसर जागीच असणार, असं त्याचं गणित. त्याने साल वाळवली, कुटली, सुमारे पन्नास रुग्णांना दिली आणि १७६३ साली रॉयल सोसायटीला पत्र लिहून कळवलं. गणित चुकीचं होतं, उत्तर मात्र बरोबर आलं. १८२८ मध्ये म्युनिकला योहान बुखनर यांनी सालीतला कडू अर्क वेगळा काढला, विलोच्या सॅलिक्स या नावावरून त्याला सॅलिसिन म्हटलं, आणि त्याच वाटेने पुढे १८९७ मध्ये ॲस्पिरिनपर्यंत माणूस पोचला. वाळुंजाबद्दल कुठेही वाचायला गेलं की ही हकिगत पहिल्यांदा भेटते. माणसाच्या उपयोगाची म्हणून ती मोठी झाली. मला ओढ्याच्या उपयोगाची हकिगत तिच्याहून मोठी वाटते.

मी ती पाहिली श्रावणातल्या एका पुरात. ओढा तांबडा होऊन मळ्याच्या बांधाला लागला होता. वाळुंजाचं अर्धं खोड पाण्याखाली, फांद्या प्रवाहाच्या दिशेने आडव्या पडलेल्या, पानं पाण्यावर सपासप आपटताहेत. मला वाटलं गेलं झाड. मामा म्हणाले, “त्याला काय होतंय? पानी त्याचंच हाये.” दोन दिवसांनी पूर ओसरला. फांद्यांत गवत, चिंध्या, काटक्या अडकलेल्या. झाड होतं तसं उभं. आठवड्याभराने पाहिलं तर पाण्यात बुडालेल्या खोडावर तांबूस केसांसारखी नवी मुळं फुटली होती. गाळाखाली दबलेल्या मुळांना हवा मिळेना, तर त्याने वरच्या अंगाला दुसरी मुळं काढली!

तुकोबांनी महापुराचा दृष्टान्त दिला त्यात झाडं वाहून जातात आणि लव्हाळी वाचतात. वाळुंज या दोघांच्या मधला. उंचीने झाड, पुरातली वागणूक लव्हाळ्याची. आणि लव्हाळ्यापेक्षा त्याच्यापाशी एक जास्तीचं आहे. त्याची तुटलेली फांदीही वाया जात नाही. ती वाहत जाते, खाली कुठेतरी गाळात अडकते आणि मुळं धरते. आमच्या ओढ्यावर खालच्या बाजूला जे सात-आठ वाळुंज होते ते सगळे एकाच उंचीचे, एकाच वळणाचे होते. एखाद्या जुन्या पुरात वरून आलेल्या फांद्यांची ती झाडं असणार.

त्याच्या मुळांनी काठ शिवून ठेवलेला असतो. डोहात बुडी मारून मी एकदा आतून पाहिलं. काठाखाली मुळांचं दाट जाळं लोंबत होतं आणि त्यात बोटभर मासे उभे होते. खेकड्यांची बिळं त्याच मुळांच्या आडोशाने. वरच्या फांदीवर खंड्या ठरलेल्या जागी बसायचा, त्या जागेखालचं खोड पांढरं झालेलं. भर उन्हाळ्यात बाकीचा ओढा तापायचा तेव्हा सावलीतला डोह गार राहायचा. गार पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो, म्हणून उन्हाळ्याच्या शेवटी मासे वाळुंजाखाली गोळा व्हायचे. आम्हा पोरांनाही तीच जागा बरी वाटायची.

आणि ती दिवाळीतली पिवळी पानं. डोंगरातल्या सावलीच्या ओढ्यात स्वतःचं अन्न फार थोडं तयार होतं. वरून जे पडतं त्यावर सगळा संसार. पान पाण्यात पडलं की आधी बुरशी त्याला मऊ करते. मग पाण्यातले किडे ते कुरतडतात. पानांच्या तुकड्यांचं आणि वाळूच्या कणांचं नळकांडं करून त्यात राहणाऱ्या अळ्या असतात, त्या पानं फाडफाडून खातात. त्यांच्या तोंडून सुटलेला चुरा खालचे जीव गाळून घेतात. अळ्यांना मासे खातात, माशांना खंड्या. पाऊस सरताच, ओढा शांत होताच, पानांचा हा शिधा पाण्यात उतरतो. पुरात पडला असता तर थेट धरणात गेला असता.

लहानपणी आम्ही त्याला ‘ओढ्याचं झाड’ म्हणायचो ते बरोबर होतं. खरं नाव कळल्यावर मला ते जुनं नाव जास्त पटलं.

पाच वर्षांपूर्वी ओढ्याचं खोलीकरण झालं. उन्हाळ्यात पोकलेन आला, आठवडाभरात ओढा सरळ, रुंद आणि उघडा करून गेला. गावाला पाणी हवं होतं आणि पाणी अडवायचं तर खणावं लागतं, हे मलाही कळतं. पण काठाची झाडं उपटल्याशिवाय खणता येत नाही हे मला कुणी पटवून देऊ शकलं नाही. खालचे सात-आठही वाळुंज गेले. डोहावरचा जुना वाळुंज राहिला, कारण त्याच्या मागे कातळ होता आणि यंत्राला तिथे वळता येईना. पुढच्याच पावसात उघड्या काठाची दरड ढासळली आणि मामांचं दोन गुंठे रान ओढ्यात गेलं. त्या वर्षी डोहात गुडघाभर गाळ भरला. मामा त्या वेळी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. त्यांनी कुणाकडे अर्ज केला नाही. पाऊस ओसरून वाळुंजाची पानं झडल्यावर त्यांनी कोयत्याने त्याच्या अंगठ्याएवढ्या जाड फांद्या तोडल्या, हातभर लांबीच्या केल्या, आणि दोन तृतीयांश भाग ओल्या काठात ठोकून बसवला. डोळे वरच्या बाजूला राहतील एवढंच पाहायचं, बाकी काही नाही. चाळीस फांद्या लावल्या. गुरं फिरू नयेत म्हणून काट्या टाकल्या. एकतीस जगल्या. आज त्या घराच्या छपराएवढ्या उंच आहेत, आणि त्या पट्ट्यातला काठ गेले दोन पावसाळे हललेला नाही.

मी खूश होते. मग गेल्या पौषात त्यांतल्या काहींना पहिल्यांदा तुरे आले. सगळे पिवळे, सगळे वासाचे. जुना वाळुंज नर आहे आणि त्याच्या फांद्यांची झाडं म्हणजे तोच. एकतीस झाडं, आणि एकाही झाडाला बी धरणार नाही. यंत्राने नेलेल्यांपैकी एखादी मादी असेल का, हे आता कळायला मार्ग नाही. पण मामींना आठवतं की पूर्वी माघात खालच्या अंगाला धुणं धुताना लुगड्याला कापूस चिकटायचा. शेवरीचा म्हणावा तर शेवरी जवळपास नव्हती.

काठ धरून ठेवायला नर पुरेसे आहेत. पण फांद्या लावून वाढलेलं सगळं एकच झाड असतं. एक रोग आला तर तो सगळ्यांना सारखाच लागेल. ओल्या गाळावर कापूस उतरून, हजारातून एखादं रोप जगून, वेगवेगळ्या अंगलोटाची झाडं उभी राहायची तर मादी हवी.

म्हणून गेल्या माघात मामांचा नातू आणि मी डोंगरापलीकडच्या खोऱ्यात चार दिवस ओढ्याओढ्याने हिंडलो. तिसऱ्या दिवशी एका कोंडीत पाण्यावर पांढरी साय आलेली दिसली. हातात घेतली तर कापूस. वरच्या अंगाला दोनशे पावलांवर ती उभी होती, पाण्यावर कललेली, अंगभर फुटलेल्या बोंडांची. ज्यांच्या बांधावर ती होती त्या आजोबांना विचारून आम्ही सहा फांद्या घेतल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळून त्याच रात्री घरी आणल्या आणि पहाटे डोहाच्या वरच्या बाजूला ठोकल्या.

तुमच्या गावाला ओढा असेल तर माघात एकदा काठाने चालून या. पाठीला पांढुरकी असलेली, दातेरी, एकाआड एक पानं दिसली आणि पाण्यावर कापूस दिसला, तर ते झाड मादीचं आहे. ते कुणाच्या बांधावर आहे ते पाहा, त्यांना जाऊन सांगा, आणि ओढ्यात यंत्र उतरायच्या आधी त्याच्या बुंध्याला चुन्याचा पट्टा मारून या.

आमच्या सहांपैकी चार फुटल्या आहेत.